बऱ्याच वर्षांनी शूटर खेळायचाय? आधी पॉज होतो का ते बघा

शेवटचा शूटर (बंदुकीने लढायचा व्हिडिओ गेम) खेळलात तेव्हा सीएस 1.6 (जुना काउंटर-स्ट्राइक) जोरात होतं, मधे नोकरी, घर, पोरं यात वर्षं गेली आणि आता परत माउस हातात घ्यावासा वाटतोय, असं असेल तर पहिलं सांगणं म्हणजे टॉप टेन याद्या बघत बसू नका. त्या बहुतेक रोज चार-चार तास खेळणाऱ्यांसाठी असतात. आपल्यासारख्यांचा खरा प्रश्न ग्राफिक्सचा नसतोच, मधेच कुणी हाक मारली तर गेम थांबवता येतो का हा असतो. थांबतात ते गेम एका बाजूला, थांबत नाहीत ते दुसऱ्या बाजूला, आणि सुरुवात थांबणाऱ्यांपासूनच करा हे माझं स्पष्ट मत.

थांबणाऱ्यांत पहिली जोडी डूम (2016) आणि डूम इटर्नल (2020). दोन्ही एकाच मालिकेतले, पण परत येणाऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2016 वाल्यात रीलोड (बंदुकीत परत गोळ्या भरणं) नाही, आडोशाला बसून हेल्थ भरायची वाट बघणं नाही. राक्षस अर्धमेला होऊन चमकायला लागला की जवळ जाऊन एक बटण दाबायचं, तो संपतो आणि त्याच्यातून हेल्थ सांडते, म्हणजे जीव कमी झाला की पळायचं नाही, उलट अंगावर जायचं. एवढं डोक्यात बसलं की 1993 चा मूळ डूम खेळलेला माणूस लगेच रुळतो. इटर्नलने याच्यावर बरंच काही चढवलंय. गोळ्या मुद्दाम कमी दिल्यात म्हणून चेनसॉ सारखी चालवायची, चिलखत हवं तर आधी आग फेकायची, हवेत डॅश (झटकन पुढे झेप) मारायचा, प्रत्येक राक्षसाची दुखरी जागा लक्षात ठेवायची, आणि हे सगळं जरा हाताला बसतंय म्हणेस्तोवर मरॉडर नावाचा ढालवाला शत्रू येतो. लांब गेलात की तो लांबून मारतो, अगदी चिकटलात की शॉटगन, म्हणून नेमकं मधल्या अंतरावर उभं राहायचं आणि त्याचे डोळे हिरवे चमकले की त्याच क्षणी गोळी घालायची, नाहीतर ढाल आडवी. जमलं की काय भारी वाटतं! नाही जमलं तर लोक इथेच गेम उडवून टाकतात. इटर्नल कदाचित जास्त चांगला गेम असेलही, पण पहिला नको.

दुसरी जोडी जरा गोष्ट आवडणाऱ्यांसाठी, हाफ-लाइफ 2 (2004) आणि टायटनफॉल 2 (2016). हाफ-लाइफ 2 जुना म्हणून सोडू नका, 2024 मधे त्याला 20 वर्षं झाली तेव्हा मोठा अपडेट येऊन बऱ्याच जुन्या चुका दुरुस्त झाल्यात. त्याची सगळ्यात मोठी सोय म्हणजे एफ6 दाबलं की जिथे आहात तिथे सेव्ह. डूम काय किंवा टायटनफॉल काय, चेकपॉइंटवरच (गेमने ठरवलेल्या जागीच) सेव्ह होतात, म्हणजे लढाईच्या मधे मशीन बंद केलं तर तेवढं परत खेळा. वीस मिनिटं मिळणाऱ्या माणसाला हा फरक कुठल्याही रिव्ह्यूतल्या स्टारपेक्षा जास्त कळतो. हाफ-लाइफचा तोटा एवढाच की मधे एअरबोट चालवायचा लांबलचक भाग आहे आणि सवय मोडलेल्यांना तिथे हमखास मळमळतं. सेटिंगमधे फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) वाढवा, तरी गरगरलं तर सरळ उठा, रेटून खेळलं की वाढतंच.

टायटनफॉल 2 ची कॅम्पेन (एकट्याने खेळायची गोष्ट) सहाएक तासांची, एका शनिवार-रविवारात संपते. भिंतींवरून पळणं आहे पण ते शांतपणे शिकवतात. त्यातली 'इफेक्ट अँड कॉज' नावाची एक लेव्हल आहे, एकाच इमारतीचा भूतकाळ आणि वर्तमान, एक बटण दाबलं की अदलाबदल. वर्तमानात सगळं जळून कोसळलेलं, भूतकाळात तीच इमारत धडधाकट पण पहारेकऱ्यांनी भरलेली, आणि पुढे पुढे तर एका काळातल्या भिंतीवरून उडी मारून हवेतच काळ बदलून दुसऱ्या काळातली भिंत पकडायची. हाताला वाटतं तेवढा गंज चढलेला नाही हे तिथे कळतं. दोन्हीतला एकच घ्यायचा असेल तर मी टायटनफॉल म्हणेन, पण वेळ तुकड्या-तुकड्यात मिळत असेल तर हाफ-लाइफ.

आता न थांबणारे, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळायचे. यात दोस्तांशी भांडण्यापेक्षा दोस्तांच्या बाजूने खेळा, म्हणजे को-ऑप. डीप रॉक गॅलॅक्टिक आणि हेलडायव्हर्स 2, दोन्ही चार जणांचे. डीप रॉकमधे बुटके खाणकाम करतात आणि किड्यांशी लढतात, एकटे असाल तर बॉस्को नावाचा ड्रोन सोबत येतो, नेम चुकला तरी खोदायला, उजेड पाडायला, वाट करायला तुमचा उपयोग असतोच. हेलडायव्हर्स जास्त भन्नाट, पण मेलेल्या साथीदाराला परत बोलवायला वर, खाली, उजवा, डावा, वर असे बाण दाबावे लागतात आणि तेही किडे अंगावर आलेले असताना, शिवाय स्वतःच्याच लोकांच्या गोळीने लोक सर्रास मरतात. ओळखीची टोळी असेल तर हेलडायव्हर्स, नसेल तर डीप रॉक, यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

एपेक्स, वॉरझोन, फोर्टनाइट वगैरे बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला असे गेम) आत्ता राहू द्या. दहा मिनिटं सामान गोळा करायचं आणि कुठूनतरी गोळी येऊन खेळ खल्लास, शिकायला काहीच मिळत नाही.

राहिला मूळ खाज असलेला प्रश्न, सीएस 2 (नवा काउंटर-स्ट्राइक) का त्याच्यासारखाच वॅलोरंट? दोन्ही फुकट, दोन्हीत पाच विरुद्ध पाच, दोन्हीत आधी 13 राउंड जिंकेल तो. सीएस 2 (2023) मधे डस्ट 2 हा जुना नकाशा अजून आहे, त्यातल्या ए लाँग, बी टनेल या वाटा तिथेच, एके बंदुकीची एक गोळी डोक्यात बसली की हेल्मेट असलं तरी समोरचा खलास. म्हणजे जुनं ज्ञान वाया जात नाही, फक्त स्मोक (धुराचा बॉम्ब) कुठून कसा फेकायचा हे आताची पोरं पाठ करून येतात. वॅलोरंटमधे बंदूक तशीच, पण प्रत्येक पात्राला वेगळ्या शक्ती, कोण भिंत उभी करतंय, कोण आंधळं करतंय हे ओळखेपर्यंत महिना जातो. तिथे सगळेच नवे नकाशे शिकून आलेले असल्याने जुन्या सवयी कधी कधी आडच येतात. शिवाय वॅलोरंटचा अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्रॅम) मशीन सुरू झाल्यापासूनच चालू असतो, तो खोलवर बसतो, हे काहींना पटत नाही आणि मला त्यात चूक वाटत नाही. 1.6 खेळलेल्याने सीएस 2 च घ्यावा. मॅच मधेच सोडली तर काही काळ बंदी येते, म्हणून पहिले काही आठवडे कॉम्पिटिटिव्ह (रँकसाठीची मॅच) नको, आधी बॉट (कॉम्प्युटरचे खेळाडू), मग डेथमॅच (टीम नाही, ज्याचा तो), तिथे मधेच उठून गेलं तरी कुणाचं काही अडत नाही. आणि हो, विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा, ते चालू असलं की हात जोरात हलवला तर पॉइंटर जास्त लांब जातो आणि जे गेम विंडोजची ही सेटिंग वापरतात त्यांत नेमाची सवय बसत नाही.