ग्रॅहम्सची दहा वर्षांची टॉनी पोर्ट: कापडाच्या आणि द्राक्षांच्या गावातून एक परीक्षण

नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये राहणारा माझा भाचा गेल्या फेब्रुवारीत सोलापूरला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी ग्रॅहम्स या जुन्या घराण्याची दहा वर्षांची टॉनी पोर्ट, म्हणजे स्पिरिट घालून केलेली पोर्तुगालची गोड वाईन, आणली. बाटली साडेसातशे मिलिलिटरची असून तिच्यात मद्यार्काचे प्रमाण 20 टक्के, म्हणजे साध्या वाईनच्या जवळजवळ दीडपट आहे. मार्चच्या मध्यापासून पुढचे पाच आठवडे, पारा चढत असताना, मी ती थोडी थोडी करून प्यायलो आणि वेगवेगळ्या पदार्थांबरोबर तिची परीक्षा घेतली. आमच्या घराची द्राक्षबाग सोलापूरजवळच्या नान्नज गावाच्या वाटेवर आहे, त्यामुळे प्रत्येक घोटाबरोबर माझे लक्ष चवीइतकेच मागच्या वेलीकडे जात होते.

आपल्याकडे ‘पोर्ट’ म्हटले की गोव्याहून परतणारी मंडळी आणतात ती स्वस्त, गडद लाल आणि गोड वाईन डोळ्यांसमोर येते. तिच्या जागी ती ठीक आहे. परंतु तिचा आणि मूळ पोर्टचा संबंध नावापलीकडे फारसा नाही. युरोपीय कायद्यानुसार पोर्ट हे नाव फक्त उत्तर पोर्तुगालातील डोरू नदीच्या खोऱ्यात, ठरवून दिलेल्या हद्दीत पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनलाच लावता येते. ही हद्द आजची नाही. 1756 मध्ये पोर्तुगालचा कर्ता मंत्री, पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने ती आखून दिली आणि तिच्या खुणा म्हणून ग्रॅनाइटचे दगड रोवले. वाईनच्या व्यापारात तेव्हा भेसळ बोकाळली होती; फिकट वाईनला रंग यावा म्हणून एल्डरबेरी या जांभळ्या फळाचा रस मिसळला जात असे, तेव्हा पोंबालने त्या भागातील एल्डरची झाडेच उपटून टाकायला लावली. आपल्या मालाच्या नावाची इतकी कडक राखण अडीचशेहून अधिक वर्षे चालू ठेवणारे ते शेतकरी आणि व्यापारी मला मनापासून आदरणीय वाटतात.

आता प्रत्यक्ष बाटलीकडे वळतो. ‘टॉनी’ हा शब्द रंगाचा आहे. पेल्यात ओतल्यावर ती लाल दिसत नाही. पातळ काकवी उजेडासमोर धरावी तसा तिचा तांबूस पिंगट रंग असतो आणि कडेला तो नारिंगीकडे झुकतो. वासात प्रथम सुके अंजीर आणि अक्रोड येतात, मागून संत्र्याची वाळलेली साल, आणि पेला थोडा वेळ तसाच ठेवला तर चांगल्या तपकिरी बेदाण्याचा तो ओळखीचा, जड, उबदार वास. चव गोड आहे, परंतु गोडीच्या पोटात आंबटपणा जिवंत आहे, आणि तोच या बाटलीचा खरा गुण आहे. त्याच्यामुळे घोट गिळल्यावर जीभ चिकट राहत नाही आणि भाजलेल्या दाण्यांसारखी खमंग चव बराच वेळ तोंडात रेंगाळते.

ही गोडी बाहेरून घातलेली नाही. द्राक्षांचा रस आंबत असताना यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. साधी वाईन करताना ही क्रिया बहुधा साखर संपेपर्यंत चालू देतात. पोर्ट करताना मात्र निम्मी साखर शिल्लक असतानाच 77 टक्के तीव्रतेचे द्राक्षांचे स्पिरिट रसात ओततात. त्याने यीस्ट मरते, आंबणे थांबते आणि द्राक्षांची स्वतःची साखर वाईनमध्ये राहून जाते. हे सगळे दोन-तीन दिवसांत उरकत असल्यामुळे सालीतला रंग आणि तुरटपणा काढून घ्यायला वेळ फार थोडा मिळतो. म्हणून ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत माणसे तासन् तास द्राक्षे पायांनी तुडवत आली; तळपायाखाली साल पुरती चुरडते, पण कडू बी फुटत नाही. ग्रॅहम्सची मालकी 1970 पासून ज्या सिमिंग्टन कुटुंबाकडे आहे, त्यांनी पायांच्या दाबाची नक्कल करणारे यांत्रिक हौदही तयार केले आहेत.

त्यानंतर टॉनी वर्षानुवर्षे ओकच्या जुन्या पिपांत मुरते. लाकडाचा वास वाईनला लागू नये म्हणून पिपे मुद्दाम जुनी घेतात. लाकडाच्या छिद्रांतून हवा अगदी सावकाश आत शिरते, त्यामुळे लाल रंग उतरून पिंगट होतो आणि ताज्या फळांच्या चवीच्या जागी सुक्या मेव्याची चव येते. डोरूत आजही वाईनचे मोजमाप ‘पिपा’त होते आणि एक पिपा साधारण 550 लिटरचा धरतात. आपण रोज वापरतो तो ‘पीप’ हा शब्द याच पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आला, हे या निमित्ताने आवर्जून सांगावेसे वाटते. बाटलीवरचा 10 हा आकडा मात्र समजून घ्यायला हवा. आतली सगळी वाईन नेमकी दहा वर्षांची आहे असा त्याचा अर्थ नाही. कमीअधिक वयाच्या वाईन एकत्र करून दहा वर्षे मुरलेल्या टॉनीचा जो गुणधर्म असायला हवा तो साधलेला असतो, आणि पोर्तुगालच्या सरकारी संस्थेचे चव-परीक्षक त्याला मान्यता देतात. बाटलीवर हे दोन ओळींत लिहिले असते तर ग्राहकाचा गैरसमज टळला असता.

ग्रॅहम्स घराण्याच्या उगमाची हकिकत सोलापूरकराला विशेष जवळची वाटेल. विल्यम आणि जॉन ग्रॅहम हे बंधू मुळात कापडाचे व्यापारी. 1820 मध्ये पोर्तो शहरात एका बुडीत येण्यापोटी त्यांना पैशांऐवजी 27 पिपे पोर्ट घ्यावी लागली आणि तिथून या धंद्याचा प्रारंभ झाला. ज्या गावाने गिरण्यांचे भोंगे ऐकले आणि चादरींच्या व्यापारातली उधारी-उसनवारी पाहिली, त्या गावातल्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. खरे पाहता पोर्टचा सारा व्यापारच कापडाच्या जोडीने वाढला आहे. 1703 मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या मेथुएन तहाने इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एकतृतीयांशाने कमी जकात बसली. इंग्रजांना फ्रान्सशी वैर असल्याने वाईनसाठी दुसरा देश हवाच होता. लांबच्या समुद्रप्रवासात वाईन टिकावी म्हणून तिच्यात स्पिरिट घालू लागले, आणि सोयीसाठी केलेली ती गोष्ट कालांतराने तिची ओळख बनली. ते सर्वांना मान्य होते असेही नाही. डोरूचा उत्कृष्ट नकाशा तयार करणारा जोसेफ जेम्स फॉरेस्टर या स्पिरिटच्या विरोधात हिरिरीने लिहीत राहिला. 1861 मध्ये त्याच डोरूच्या एका धोकादायक खळाळात नाव उलटून तो बुडाला.

डोरूच्या खोऱ्याविषयी तिकडे एक म्हण आहे: नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. उन्हाळ्यातला तो नरक आपल्या मे महिन्याहून वेगळा नसावा, परंतु वेलीचे जगणे मात्र पार निराळे आहे. तिकडे शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक फोडून उतारांवर पायऱ्या केल्या आहेत आणि मुळे त्या पापुद्र्यांच्या फटींतून पाणी शोधत खोल जातात. 2001 मध्ये युनेस्कोने या पायऱ्यांच्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. थंडीत तिथली वेल झोपते आणि सप्टेंबरच्या सुमारास वर्षाचे एकच पीक हाती येते. आपल्या वेलीला झोप नाहीच. नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि घडांसाठी ऑक्टोबरची फळ छाटणी, अशा दोन छाटण्यांवर आपण ती चालवतो. कलमाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचा शेतकरी एकाच वाटेवर आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने डोरूच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर, म्हणजे अमेरिकन वेलीच्या मुळांच्या भागावर, कलमे बांधूनच त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आपण क्षार आणि पाणीटंचाई यांच्यासाठी जो डॉगरीज खुंट वापरतो, तोही अमेरिकन कुळाचाच. नान्नजच्या ज्या शिवारात द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांच्या हातून सोनाका आणि शरद सीडलेस या जाती पुढे आल्या, तिथली द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी आहेत: मोठा मणी, पातळ साल, बी नाही. तूरिगा नासियोनाल, तूरिगा फ्रांका, तिंता रोरिझ या डोरूच्या जातींचे मणी लहान, सालीला जाड आणि बियांचे असतात, आणि वाईनला जे हवे ते त्या सालीतच असते.

पोर्तुगालची वाईन म्हणजे केवळ पोर्ट नव्हे. वायव्येकडच्या पावसाळी मिन्यो भागातील विन्यो व्हेर्द ही हलकी, आंबूस, कोवळी वाईन थंडगार प्यावी अशी असते. दाओ भागाच्या ग्रॅनाइटच्या जमिनीतली तांबडी वाईन संयमी असते आणि आलेंतेजोची, बुचाच्या ओक वृक्षांच्या उष्ण मैदानातली, भरदार. मदेरा बेटाची वाईन तर उष्णतेनेच घडली. जहाजांच्या तळाशी ठेवलेली पिपे उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत येत, आणि तापून बिघडण्याऐवजी ती वाईन अधिक चांगली लागते हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. पुढे तीच उष्णता बेटावरच देण्याची रीत पडली. सोलापूरच्या हवेला मदेरा सर्वांत निर्धास्त, हे माझे मत आहे, पण ती इकडे मिळणे फार कठीण.

टॉनी मात्र तितकी निर्धास्त नाही. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी दुसऱ्या घराण्याची पोर्ट घेतली होती. ती दर्शनी काचेत, उन्हात उभी करून ठेवलेली होती, आणि घरी उघडल्यावर तिला शिजवलेल्या जांभळासारखा मंद वास येत होता. तेव्हापासून काचेत मांडलेली बाटली मी घेत नाही. घरीही ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला सोलापुरात पाळू नये. एप्रिलच्या दुपारी खोलीच 35 अंशांवर असते, आणि त्या उष्णतेत मद्यार्क नाकात झोंबतो, बाकी काही उरत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पिण्याआधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढावी आणि एका वेळी साठ मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये.

पदार्थांच्या बाबतीत माझा अनुभव स्पष्ट आहे. काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणाबरोबर ती घेऊ नये. मद्यार्काने तिखटाची आग वाढते आणि गोडी रश्श्याशी भांडते. शेंगाचटणी आणि कडक भाकरीबरोबर ती बरी लागते, परंतु लसूण तिच्यावर मात करतो. शेंगापोळीबरोबर मात्र मी जे चाखले ते विसरणार नाही: भाजलेले दाणे, गूळ आणि वरून साजूक तूप, या तिन्हींना पोर्टमध्ये एकेक जोडीदार सापडतो, आणि वाईनमधला आंबटपणा पोळीची जड गोडी कापून पुढचा घास हवासा करतो. पोळी मात्र गरम नको; सकाळी केलेली, निवून खुसखुशीत झालेली हवी.

दोष सांगायचे तर दुसऱ्या पेल्यानंतर हिची गोडी भारी होते, आणि भारतात रीतसर आयात झालेली बाटली करांमुळे इतकी महाग पडते की परदेशातून येणाऱ्या नातलगाला सांगणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. आणणाऱ्याला बाटलीच्या गळ्यावरची पोर्तुगीज सरकारी हमीची पट्टी पाहायला सांगावे. बूच हाताने काढता-लावता येण्याजोगे असल्याने उघडलेली बाटली फ्रिजमध्ये सहज टिकते. माझ्या बाटलीत चौथ्या आठवड्यापर्यंत काही फरक जाणवला नाही. पाचव्यात संत्र्याच्या सालीचा वास उतरला, अक्रोड मात्र होता तसाच राहिला.