कोल्हापूरच्या थंडीसाठी नळ्यांचा सोलर : वापरानंतरचे मत

कोल्हापुरात हिवाळ्यासाठी घर सज्ज करायचे म्हणजे मुख्यतः पहाटेच्या गरम पाण्याची सोय करायची, असे माझे अनेक हिवाळ्यांच्या अनुभवातून झालेले मत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असते आणि एखाद्या आठवड्यात त्याहूनही खाली उतरते, पण दुपारी पारा पुन्हा तिशीजवळ जातो. त्यामुळे खोल्या गरम करणाऱ्या उपकरणांची येथे फारशी गरज पडत नाही. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि गोधड्या-दुलयांना ऊन दिले की घराच्या आतले काम भागते. खरी अडचण असते ती गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची. रात्रभर गार वाऱ्यात राहिलेले ते पाणी पहाटे अंगावर घेणे लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना सोसत नाही. आमच्या उपनगरातल्या दुमजली घरावर २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर आहे. तो संच आणि दर वर्षी दिवाळीआधी करून घ्यावी लागणारी त्याची सर्व्हिसिंग, या दोहोंविषयी येथे लिहीत आहे.

सोलर घेताना पहिला निर्णय सपाट पॅनेलचा घ्यावा की नळ्यांचा, हा असतो. सपाट पॅनेलमध्ये काळ्या लेपाच्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्यांतून पाणी फिरते. हा संच दणकट असतो आणि पाणी चांगले असेल तर वर्षानुवर्षे तक्रार येऊ देत नाही. आमच्याकडे मात्र नळाचे आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत येते, आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर आहेत. असे पाणी तापले की त्यातले कॅल्शियमचे क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने बसू लागतात आणि तांब्याच्या अरुंद नळ्या हळूहळू बुजतात. काचेच्या नळीचे तोंड चांगले रुंद असल्यामुळे तिच्यात क्षार साचले तरी पाण्याची वाट पूर्ण बंद होत नाही, शिवाय नळी काढून धुता येते. ज्या घरांत वर्षभर केवळ नळाचे पाणी येते त्यांनी सपाट पॅनेलचा विचार जरूर करावा, पण बोअरवर अवलंबून असलेल्यांना मी नळ्यांचाच सोलर सुचवीन.

नळ्यांची रचना समजून घेतली तर पुढे देखभालीची कामे आपोआप कळतात. प्रत्येक नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या, बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या दोन नळ्या असतात. त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली असते आणि आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगावर ऊन शोषून घेणारा गडद लेप असतो. ऊन आत शिरते, परंतु तापलेल्या पाण्यातली उष्णता त्या निर्वात जागेतून बाहेरच्या गार हवेत सहजी जाऊ शकत नाही, म्हणून बोचरा वारा सुटलेल्या दिवशीही ऊन स्वच्छ असेल तर पाणी तापते. तापलेले पाणी हलके होऊन सोलरच्या स्वतःच्या वरच्या टाकीत चढते, गार पाणी नळीत उतरते, आणि हे फिरणे पंपाशिवाय दिवसभर चालू राहते. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला नऊ युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा लागते. तेवढी वीज दररोज गिझरवर खर्च केली तर बिल कुठे जाईल, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या दराने करावा. आमच्या अनुभवात स्वच्छ उन्हाच्या दिवसानंतर पहाटेही बादलीत बरेचसे गार पाणी मिसळल्याशिवाय हात घालवत नाही, आणि पाच माणसांच्या अंघोळी उरकून भांड्यांसाठीही थोडे गरम पाणी शिल्लक राहते.

हे यश केवळ यंत्राचे नाही, जागेचेही आहे, आणि विक्रेते याच बाबतीत ग्राहकाला सर्वांत कमी सांगतात. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य येथे डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, तर डिसेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास तो भर दुपारीही दक्षिण क्षितिजापासून ५० अंशांच्याच उंचीवर असतो. त्याच दिवसांत सकाळी साडेनऊला तो जेमतेम ३० अंशांवर असतो आणि तेव्हा कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळजवळ पावणेदोन पट लांब पडते. मे महिन्यात गच्चीवर उभे राहून 'येथे दिवसभर ऊन आहे' असे सांगणारा माणूस त्या दिवसापुरते खरेच सांगत असतो. पण दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांचा वाढलेला मजला, आपलीच पाण्याची टाकी किंवा नारळाचे झाड डिसेंबरात सकाळचे दोन-तीन तास खाऊन टाकते, आणि गरम पाण्याची निकड नेमकी तेव्हाच असते. म्हणून नवा सोलर घेणाऱ्यांनी शक्य असल्यास जागा हिवाळ्यातच नक्की करावी, नळ्या दक्षिणेकडे तोंड करून आणि हिवाळ्याच्या सूर्याला मानवेल अशा, साधारण तीस अंशांच्या उतारावर बसवून घ्याव्यात. पूर्वीपासून सोलर असलेल्यांनीही दर वर्षी शेजारच्या बांधकामाकडे आणि झाडांकडे एकदा नजर टाकावी.

दुसरी बाब अगदी आपल्या भागाची आहे. उसाचा गळीत हंगाम आणि थंडी आपल्याकडे एकाच वेळी सुरू होतात. शिवारात पाचट पेटवले जाते, धुराड्यांची काजळी हवेत असते, आणि पहाटेच्या दवामुळे ती गच्चीवरच्या प्रत्येक वस्तूला चिकटून बसते. पावसाळ्यात नळ्या आपोआप धुतल्या जातात, हिवाळ्यात मात्र पाऊस नसतो, त्यामुळे काचेवर काळपट थर चढत जातो आणि आत जाणारे ऊन कमी होते. आमच्याकडे आठवड्यातून एकदा मऊ ओल्या फडक्याने नळ्या पुसल्या जातात आणि त्याचा फरक पाण्याच्या उष्णतेत स्पष्ट जाणवतो. हे काम ऊन वर येण्यापूर्वीच करावे. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा पाईप धरणे धोक्याचे आहे.

आता सर्व्हिसिंगविषयी. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या तोंडावर सगळ्या शहराला एकाच वेळी सोलरची आठवण होते आणि कारागीर मिळेनासे होतात, म्हणून हे काम दसऱ्याच्या आसपासच उरकावे. एका दुकानाने पाठवलेल्या माणसाने आमच्या संचाकडे वरवर पाहून सगळ्या नळ्या बदलाव्या लागतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात नळी निकामी झाली की नाही हे घरच्या माणसालाही पाहता येते. नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा रुपेरी डाग दिसतो. तो बेरियमचा लेप असतो आणि निर्वात जागा शाबूत असेपर्यंत रुपेरीच राहतो. काचेला बारीक तडा जाऊन आत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. खालच्या टोकाची टोपी काढून आम्ही प्रत्येक नळी तपासली तेव्हा केवळ दोनच नळ्या पांढऱ्या झालेल्या आढळल्या. त्या दोन नळ्या उद्यमनगर परिसरातल्या एका लहान दुकानाच्या कारागिराकडून बदलून घेतल्या आणि तेव्हापासून काम त्यांच्याकडेच दिले आहे.

त्यांच्या कामाची पद्धत मला मनापासून आवडते. ते सकाळी लवकर येतात, आधी पाणी बंद करून टाकी रिकामी करतात आणि तळाचा गाळ व क्षारांचे पापुद्रे पूर्ण निघेपर्यंत धुतात. नळ्या एकेक करून काढतात, आतला थर सौम्य आम्लाच्या पाण्याने सोडवतात, आणि नळीच्या तोंडाशी बसणारे रबरी वायसर कडक झाले असतील तर कोणतीही घासाघीस न करता बदलतात, कारण गळतीची सुरुवात तिथूनच होते. मॅग्नेशियमचा एनोड रॉड ते बाहेर काढून दाखवतात. टाकीच्या धातूऐवजी हा रॉड झिजावा अशी योजना असते, त्यामुळे तो संपला की गंजण्याची पाळी टाकीवर येते. क्षारयुक्त पाण्यात तो लवकर झिजतो, तरी अनेक घरांत तो कधीच उघडून पाहिलेला नसतो. व्हेंट पाईप मोकळा आहे का हेही ते पाहतात, कारण वाफ आणि हवा बाहेर पडण्याची ती एकमेव वाट असते. टाकीतल्या विजेच्या कॉइलचे अर्थिंग ते दर वेळी मीटर लावून तपासतात. एकच उणीव सांगायची तर झालेल्या कामाची लेखी नोंद ते देत नाहीत; ती आम्ही घरीच ठेवतो.

गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतच्या पाईपकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पाऊण इंची, वीसेक मीटर लांबीच्या पाईपमध्ये पाच लिटरच्या आसपास पाणी उभे असते. ते रात्रीत गार होते आणि पहाटे गरम पाणी येईपर्यंत सगळे वाहून जाते. आम्ही उघड्या पाईपवर काळ्या नायट्राईल रबराचे आवरण चढवले आणि त्यावर उन्हाने ते फाटू नये म्हणून पट्टी गुंडाळली. आता पहिल्या अंघोळीनंतर पाईपमधले पाणी बराच वेळ कोमट राहते, त्यामुळे पाठोपाठच्या अंघोळींना वाट पाहावी लागत नाही. पहाटेचे पहिले गार पाणी मात्र आवरणानेही टळत नाही. ते वेगळ्या बादलीत धरून झाडांना घालतो.

दुरुस्तीमुळे शहराचे पाणी एक-दोन दिवस बंद राहण्याचे प्रसंग कोल्हापूरकरांना नवे नाहीत. अशा वेळी गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि सोलरमध्ये पाणी उरले नाही, तर कोरड्या नळ्या उन्हात दोनशे अंशांच्याही पुढे तापू शकतात. त्यानंतर दुपारी पाणी आले आणि एकदम आत सोडले की काच तडकते. नळ्यांवर ताडपत्री टाकावी आणि संध्याकाळी त्या निवल्यानंतरच पाणी सोडावे.

ढगाळ दिवसांसाठी आमच्या टाकीत दोन किलोवॉटची कॉइल आहे, पण सारे २०० लिटर पाणी विजेवर तापवण्यापेक्षा न्हाणीघरातला २५ लिटरचा गिझर अर्धा तास लावणे परवडते. गॅस गिझरविषयी मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. थंडीत खिडकी लावून बंद न्हाणीघरात तो चालवला तर कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होऊ शकतो. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. तांब्याचा बंब अजूनही अनेक घरांत अंगणात पेटतो. उघड्यावर असल्यामुळे तो या बाबतीत अधिक सुरक्षित आहे, मात्र दररोज पहाटे उठून जळण घालणारे माणूस घरात हवे.

स्वतःची गच्ची, दक्षिणेकडे मोकळे ऊन आणि चार-पाच माणसांचे कुटुंब असेल तर २०० लिटरचा नळ्यांचा सोलर मी निःशंकपणे सुचवीन. दोनच माणसांच्या घराला १०० लिटरचा पुरतो. पाच-सहा मजली इमारतीच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र पाईपची लांबी आधी मोजावी आणि ती फारच अधिक भरली, तर लहान गिझरवरच समाधान मानावे.