आयपीटीजी की ऑटोइंडक्शन? पहिला क्लोन हातात आलेल्यांसाठी

सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट बरोबर आला, क्लोन (तुमचं जीन बसवलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ) बीएल२१(डीई३) या प्रोटीन बनवून घ्यायच्या जिवाणूत गेला, प्लेटवर कॉलनी उगवल्या, की एक-दोन दिवसांत प्रश्न येतोच: "सर, आयपीटीजी घालू की ऑटोइंडक्शन मीडियम करू?" म्हणजे, पेशींना प्रोटीन बनवायला लावणारं रसायन (आयपीटीजी) आपण वेळ बघून हातानं घालायचं, की मीडियममधल्या साखरांवर ते आपोआप सुरू होऊ द्यायचं. उत्तर प्रोटीनवर अवलंबून आहे, हे खरंच आहे. पण तेवढं सांगून समोरच्याला वाटेला लावणं मला बरं वाटत नाही. पीएचडीची सगळी वर्षं मी आयपीटीजीवर काढली, आणि त्यानंतर बहुतेक काम ऑटोइंडक्शनवर केलं. दोन्हीकडचं बरंवाईट हाताखालून गेलंय. तेवढ्या भांडवलावर लिहितो आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

बटण दोन्हीकडे एकच आहे. तुमचं जीन वाचणाऱ्या टी७ पॉलिमरेज या एन्झाइमचं जीन लॅकयूव्ही५ प्रमोटरच्या (जीन सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) ताब्यात, तुमच्या जीनच्या अलीकडेही लॅक ऑपरेटर, म्हणजे रिप्रेसरची बसायची जागा, आणि दोन्ही जागी रिप्रेसर हे वाचन अडवणारं प्रोटीन ठाण मांडून बसलेलं. त्याला उठवलं की पेशी कामाला लागते. प्रश्न एवढाच, की त्याला उठवायचं कुणी आणि कधी.

आयपीटीजीच्या रेणूत गंधकाचा अणू आहे, त्यामुळे बीटा-गॅलॅक्टोसायडेज या लॅक्टोज तोडणाऱ्या एन्झाइमला तो तोडता येत नाही. जेवढं घातलं तेवढं शेवटपर्यंत राहतं. पर्मीएजचं, म्हणजे लॅक्टोज आत घेणाऱ्या प्रोटीनचं, दार बंद असलं तरी नेहमीच्या मात्रेत ते पुरेसं आत शिरतं. म्हणजे पेशीची इच्छा काहीही असो, तुम्ही पिपेटचं बटण दाबलं की विषय संपला. ऑटोइंडक्शन मीडियममधल्या लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं, तसं नाही. त्याला पर्मीएजच्या दारातूनच यावं लागतं, आणि ग्लुकोज आत येत असेपर्यंत पेशी ते दार लावून ठेवते. आत आलेल्या लॅक्टोजपैकी थोड्याचं बीटा-गॅलॅक्टोसायडेज अ‍ॅलोलॅक्टोज करतं, आणि रिप्रेसरला उठवतो तो हा अ‍ॅलोलॅक्टोज. जाक मोनो या फ्रेंच जीवशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये दोन साखरा एकत्र देऊन वाढीचे आलेख काढले, तेव्हा त्यांना एक चढ, मग सपाटी, मग पुन्हा चढ असं दिसलं. पहिली साखर संपल्यावर दुसरीची तयारी करायला पेशी जो वेळ घेते, ती ही सपाटी. फ्रांस्वा जाकोब यांच्याबरोबरचा त्यांचा १९६१ चा ऑपेरॉनचा (एकाच बटणावर चालणाऱ्या जीनच्या गटाचा) लेख आणि १९६५ चं नोबेल हे सगळं या सपाटीचा माग काढत गेल्यावर आलं. ऑटोइंडक्शन ही पूर्ण पद्धतच त्या सपाटीवर उभी आहे.

आता मला आयपीटीजीपासून ज्यानं दूर नेलं ते सांगतो. ओडी, म्हणजे कल्चर किती दाट झालं ते सांगणारा आकडा.

ओडी ०.६ ला इंड्यूस करा (म्हणजे आयपीटीजी घाला), हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये एका ओळीत असतं. त्या ओळीत किती तास असतात ते तिथं लिहिलेलं नसतं. माझ्याकडे एका एन्झाइमचे आठ म्युटंट होते. आठही एकाच दिवशी ट्रान्सफॉर्म केलेले, एकाच रात्री स्टार्टर (रात्रभर वाढवायचं छोटं कल्चर) लावलेले, सकाळी शंभराला एक या प्रमाणात आठ फ्लास्कमध्ये टाकलेले. पहिला फ्लास्क दोन तासांत ०.६ ला आला. शेवटचा साडेचार तासांनी. मधल्या वेळात दर वीस मिनिटांनी शेकर थांबवायचा, आठ फ्लास्कमधून एकेक मिली काढायचं, क्युव्हेट पुसायची, आकडा लिहायचा, शेकर पुन्हा सुरू करायचा. एक फेरी संपेपर्यंत दुसरीची वेळ झालेली. एलबी या नेहमीच्या मीडियममध्ये ३७ अंशांना या पेशी साधारण पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे कँटीनला जाऊन चहा पिऊन आलात, की ०.६ चे १.२ झालेले असतात.

कष्टांचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पुढं. लॅब मीटिंगमध्ये मी जेल दाखवला, ज्यात प्रत्येक प्रोटीन एका पट्ट्यासारखं, म्हणजे बँडसारखं, दिसतं. दोन म्युटंटमध्ये बँड स्पष्ट फिका होता, आणि मी म्हटलं की या जागेवरचा बदल प्रोटीनच्या घडणीला मानवत नसावा. माझ्या गाइडनी एकच विचारलं, "हे दोन कुठल्या ओडीला इंड्यूस केलेस?" वही उघडली. बाकीचे सहा ०.५५ ते ०.७ च्या आत, आणि हे दोन १.१ आणि १.२५. जेलवरचा फरक म्युटेशनचा होता की माझ्या उशिराचा, हे सांगायची सोयच राहिली नव्हती. आठही पुन्हा केले. दुसऱ्या खेपेला त्यातला एक फिकाच राहिला, दुसरा इतरांसारखाच भरघोस आला.

त्या दिवसापासून माझं मन बदललं. एकच प्रोटीन, एकच फ्लास्क असेल तर ओडी बघणं काही मोठी गोष्ट नाही. पण तुलना करायची असेल, आणि क्लोनच्या पहिल्या चाचणीत आपण तुलनाच करत असतो, तर इंडक्शनचा क्षण प्रत्येक फ्लास्कसाठी वेगळा पडणं हा मला पद्धतीतलाच दोष वाटतो. ऑटोइंडक्शनमध्ये हा क्षण पेशी ठरवते, आणि सगळ्या फ्लास्कमध्ये तो एकाच कारणानं येतो: ग्लुकोज संपला म्हणून. हळू वाढणारा क्लोन उशिरा पोचतो, पण पोचतो तेव्हा त्याची अवस्था जवळपास इतरांसारखीच असते. रात्री दुधाला विरजण लावून झोपावं, तसं आहे. किती वाजता दही लागलं हे कुणी बघत बसत नाही.

आयपीटीजीच्या बाजूनं नेहमी म्हटलं जातं की ताबा आपल्या हातात राहतो. मीही हेच म्हणायचो. मग विल्यम स्टडिअर यांचं काम वाचलं. टी७ ची ही प्रणाली उभी करणाऱ्यांपैकीच ते एक, बार्बरा मॉफॅट यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९८६ चा. पुढे ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरीत त्यांना दिसलं की काही कल्चर कुणी काही न घालताच, वाढ संपत आली की आपोआप इंड्यूस होतात. शोध घेत ते मीडियमपर्यंत पोचले. ट्रिप्टोन आणि त्याच्या जातीचे घटक दुधातल्या केसीनपासून बनवतात, आणि त्यात कधी कधी लॅक्टोजचा अंश उरतो. आपल्या साध्या एलबीत ट्रिप्टोनच असतं! तेव्हा ग्लुकोज न घालता रात्रभर भरगच्च वाढवलेला स्टार्टर सकाळी तुम्ही समजता तितका कोरा असेलच असं नाही. प्रोटीन पेशीला त्रासदायक असेल, तर रात्रीतून प्लाझ्मिड टाकून दिलेल्या पेशींचं फावतं. सकाळी तुम्ही वेळेवर, मोजून आयपीटीजी घालता, आणि बँड येत नाही.

मला हे एका न्यूक्लिएजच्या (डीएनए किंवा आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमच्या) बाबतीत भोगावं लागलं. ताज्या कॉलनीतून केलं की बँड यायचा, स्टार्टरमधून केलं की नाही. तीन आठवडे मी आयपीटीजीची बाटली, तापमान, शेकरचा वेग असं सगळं बदलून पाहिलं. अखेर स्टार्टरमध्ये १ टक्का ग्लुकोज घातला आणि प्रश्न मिटला. हा सल्ला दोन्ही पद्धतींना लागू आहे, तेव्हा कुठलीही निवडा पण स्टार्टरमधला ग्लुकोज विसरू नका.

स्टडिअर यांची कमाल ही, की ज्या गळतीनं, म्हणजे न सांगता होणाऱ्या इंडक्शननं, त्यांना सतावलं तिलाच त्यांनी मोजून-मापून रेसिपीत बसवलं. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ०.५ टक्के ग्लिसरॉल, ०.०५ टक्के ग्लुकोज, ०.२ टक्के लॅक्टोज. म्हणून नाव ५०५२. थोडासा ग्लुकोज सुरुवातीला दार लावून ठेवतो, तो संपला की लॅक्टोज आत येतो, आणि ग्लिसरॉल पेशीला पुढं चालू ठेवतो. सोबतीला फॉस्फेट भरपूर, त्यामुळे आम्लता आवाक्यात राहते आणि कल्चर दाट होतं. माझ्या हाती एलबी-आयपीटीजीच्या एका लिटरमधून चार-पाच ग्रॅम पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या पेशी) यायचा. ऑटोइंडक्शनमधून बारा-तेरा ग्रॅम येतो, आणि सेंट्रिफ्यूजची बाटली उचलतानाच हाताला फरक कळतो. प्रत्येक प्रोटीनचं उत्पन्न त्याच पटीत वाढतं असं मात्र मी म्हणणार नाही.

५०५२ चा पन्नासपट स्टॉक करताना लॅक्टोज लवकर विरघळत नाही. पाणी गढूळ दिसतं, तळाशी पांढरा थर बसतो, आणि आपण वजन चुकलं की काय म्हणून बघत राहतो. चुकलेलं नसतं. थोडं गरम करा आणि चुंबक फिरत ठेवून दुसऱ्या कामाला लागा. मॅग्नेशियम सल्फेट फॉस्फेटच्या आधी घाला, नाहीतर साका बसतो. आणि वेक्टर (प्लाझ्मिड) कॅनामायसिन या अँटिबायोटिकवर निवडायचा असेल, तर या मीडियममध्ये मात्रा मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम ठेवा. फॉस्फेट जास्त असलेल्या सकस मीडियममध्ये या पेशी कॅनामायसिनला फारशी दाद देत नाहीत, आणि नेहमीची मात्रा पुरत नाही.

ऑटोइंडक्शननंही मला एकदा पुरतं अडचणीत आणलं. प्रोटीन ३७ अंशांना गोळा होऊन अविद्राव्य व्हायचं, म्हणून फ्लास्क २० अंशांवर टाकून घरी गेलो. सकाळी कल्चर दाट दिसत होतं. गोळा केलं, जेल केला, बँड नाही. क्लोनच खराब असेल म्हणून नवा करायला घेतला. योगायोगानं एक फ्लास्क शेकरमध्येच राहिला होता. दुपारी सहज त्याचा नमुना जेलवर चढवला, आणि तिथं बँड ठसठशीत. थंडीत पेशी सावकाश वाढतात आणि या मीडियममध्ये ओडी दहाच्या पुढं जातो, त्यामुळे आपल्या डोळ्याला दाट वाटणाऱ्या कल्चरमध्ये ग्लुकोज अजून शिल्लक असू शकतो. हल्ली मी आधी ३७ अंशांना काही तास वाढवतो, कल्चर स्पष्ट गढूळ झालं की २० वर नेतो, आणि पुढं किमान वीस तास हात लावत नाही. फ्लास्कमध्ये किती भरता हेही सांभाळावं लागतं, कारण हवा कमी-जास्त झाली की इंडक्शन पुढं-मागं होतं. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये ४०० मिली हे माझं ठरलेलं माप. ते मी बदलत नाही.

काही ठिकाणी आयपीटीजीच घ्या, तिथं मी वाद घालणार नाही. एनएमआरसाठी (प्रोटीनची रचना अभ्यासायच्या तंत्रासाठी) नायट्रोजन-१५ घालून मिनिमल मीडियममध्ये प्रोटीन करायचं असेल तर आयपीटीजीनं हिशेब सोपा राहतो. लेबलिंगसाठीही ऑटोइंडक्शनच्या रेसिपी आहेत, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये असं मला वाटतं. प्रोटीन रात्रभरात तुटत असेल आणि तीन तासांतच गोळा करायचं असेल तरी आयपीटीजी. मात्रा थेंबाथेंबानं कमी करून पाहायची असेल, जसं मेम्ब्रेन प्रोटीनच्या बाबतीत बऱ्याचदा करावं लागतं, तर आयपीटीजी आणि ट्यूनर हा बीएल२१ चाच एक प्रकार ही जोडी चांगली. फक्त त्या स्ट्रेनमध्ये लॅक पर्मीएज नसतं हे ध्यानात ठेवा. ट्यूनर घेऊन ऑटोइंडक्शन करायला गेलात तर लॅक्टोज दाराबाहेरच राहील. दुसऱ्या लॅबकडून आलेल्या ग्लिसरॉल स्टॉकवर (गोठवून ठेवलेल्या पेशींच्या नळीवर) नुसतं "बीएल२१" लिहिलेलं असेल, तर एकदा विचारून घ्या.

खर्चाचं थोडक्यात. एक मिलीमोलरसाठी लिटरला २३८ मिलिग्रॅम आयपीटीजी लागतं. ५०५२ साठी लिटरला ५ ग्रॅम ग्लिसरॉल, २ ग्रॅम लॅक्टोज, अर्धा ग्रॅम ग्लुकोज. या तिन्ही गोष्टी बहुतेक लॅबमध्ये आधीपासून कपाटात असतात, आयपीटीजी फ्रीझरमध्ये कुलूप लावून ठेवलेलं असतं. महिन्याला एखादा लिटर करणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. वीस लिटर करणाऱ्याला जाणवेल.

तुम्ही अजून ठरवलं नसेल, तर एका रात्रीत पाहून घ्या. त्याच ट्रान्सफॉर्मेशनच्या चार कॉलनी घ्या, ग्लुकोज घातलेल्या स्टार्टरमध्ये वाढवा, आणि प्रत्येकीचे दोन भाग करा: एक एलबी-आयपीटीजीत, एक ५०५२ मध्ये. आयपीटीजीच्या चार नळ्यांपुढं प्रत्येकीचा इंडक्शनचा नेमका ओडी लिहा, गोल आकडा करू नका. जेलवर सगळे नमुने पेशींच्या सारख्या प्रमाणात चढवा, नाहीतर ऑटोइंडक्शनची लेन दाट कल्चरमुळेच ठळक दिसेल आणि निवाडा चुकेल. सोल्युबल भागही वेगळा चालवा. माझ्याकडे हा प्रयोग नव्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकजण पहिल्या महिन्यात करतो. गेल्या खेपेला चारपैकी चारही ऑटोइंडक्शनच्या लेन एकसारख्या आल्या, आयपीटीजीच्या चारांत एक फिकी. तिच्यापुढं वहीत ०.९४ लिहिलेलं होतं.