पॅराव्हेटना कायद्यात जागा कशी द्यायची: परंतुक, दुसरी नोंदवही की वेगळी परिषद?

विकसनशील देशांतले बरेचसे पशुवैद्यक कायदे एकच गोष्ट गृहीत धरून लिहिलेले आहेत: आजारी जनावरापर्यंत पदवीधर पशुवैद्यक पोचेल. दूरच्या गावांत आणि भटक्या पशुपालकांकडे तो पोचत नाही. तिथे लस टोचतो, जखम धुतो, खच्चीकरण करतो तो पदविकाधारक पॅराव्हेट (पदवी नसलेला, पशुवैद्यकाला साहाय्य करणारा कर्मचारी), नाहीतर काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेला पशुआरोग्य सेवक. त्याच्या कामातला मोठा भाग कायद्याच्या लेखी गुन्हा असतो. दुरुस्तीचा मसुदा करणाऱ्यांपुढे तीन वाटा आहेत, आणि कोणती निवडली यावर पुढची कित्येक वर्षे ठरतात.

परंतुकाची वाट

मूळ कायदा तसाच ठेवायचा, एक परंतुक, म्हणजे मूळ नियमाला अपवाद करणारे वाक्य, जोडायचे आणि सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ठरावीक कामांना सूट द्यायची. भारताच्या १९८४ च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियमाचे कलम ३० हे याचे ठळक उदाहरण. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाला वा स्टॉकमनला (पशुधन साहाय्यकाला) नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देता येतात. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी ही कामे कायद्यातच आहेत, पुढची यादी राज्य सरकारने अधिसूचनेने वाढवायची.

ही वाट झटपट आहे, कायदेमंडळाचा फारसा वेळ लागत नाही. पण सूट मिळालेला माणूस पशुवैद्यकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या कोणत्याही नोंदवहीत नसतो. त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर परिषद ती ऐकू शकत नाही, कारण रद्द करायला त्याची नोंदणीच नाही. पशुपालकाकडे उरतो तो फक्त पोलिसांचा किंवा कोर्टाचा रस्ता, आणि एका शेळीसाठी तो कोणी धरत नाही.

एक परिषद, दोन-तीन नोंदवह्या

दक्षिण आफ्रिकेने १९८२ च्या कायद्याने पशुवैद्यक आणि पॅरा-पशुवैद्यकीय व्यवसाय एकाच परिषदेखाली आणले. केनियाने २०११ च्या कायद्याच्या नावातच दोघांचा उल्लेख केला. जागतिक पशुआरोग्य संघटनेची व्याख्याही याच दिशेची आहे: पॅराव्हेटला अधिकार वैधानिक संस्था देते, आणि नेमून दिलेली कामे तो पशुवैद्यकाच्या जबाबदारीखाली व निर्देशानुसार करतो. संघटनेने २०१८ मध्ये पॅराव्हेटसाठी क्षमतांची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात पशुआरोग्य, सार्वजनिक आरोग्य आणि प्रयोगशाळा असे तीन गट आहेत. पोटनोंदवह्या पाडायला ही विभागणी तयारच मिळते.

धोका आहे तो परिषदेच्या रचनेत. सगळी मते पदवीधरांकडे असली तर कामांची यादी दरवर्षी आखडत जाते. म्हणून पॅराव्हेट आणि पशुपालक या दोघांच्या जागा कायद्यातच लिहाव्यात, नियमांवर सोडू नयेत.

वेगळी परिषद

पॅराव्हेटना स्वतःची परिषद हवी, ही मागणी बहुधा वरच्या धोक्यातूनच येते आणि ती समजण्यासारखी आहे. पण हिशेब मांडून पाहावा. समजा देशात ६०० पशुवैद्यक आहेत आणि परिषदेला निबंधक, लिपिक, निरीक्षक आणि विधी सल्लागार असे चार पगारी लोक लागतात. म्हणजे एकेका पगाराचा भार १५० सभासदांच्या नूतनीकरण शुल्कावर पडतो. पॅराव्हेटची कमाई पशुवैद्यकाहून कमी. दुसरी परिषद काढली की हाच डोलारा पुन्हा उभारावा लागतो, पैसे अपुरे पडतात, मग निरीक्षकाची जागा रिकामी राहते आणि परिषद प्रमाणपत्रे छापण्यापुरती उरते. शिवाय एकाच गाईवर दोघांनी उपचार केले आणि ती दगावली, तर चौकशी दोन ठिकाणी चालते आणि दोन निकाल लागू शकतात.

आमचा कौल दुसऱ्या वाटेला आहे. परंतुक फक्त पूल म्हणून वापरावे आणि ते कोणत्या तारखेला संपेल हे अधिसूचनेतच लिहावे. वेगळ्या परिषदेचा विचार पॅराव्हेट संख्येने खूप मोठे असतील आणि त्यांच्या प्रशिक्षण संस्थांना आधीच मान्यता असेल तरच करावा.

कामांची यादी लिहिताना

वाट कोणतीही घ्या, खरी कसोटी इथे लागते. ‘प्राथमिक उपचार’ असा मोघम शब्द लिहिला की प्रत्येक कोर्ट त्याचा वेगळा अर्थ लावते. यादीत काम, औषध देण्याचा मार्ग आणि परिस्थिती, तिन्ही हवीत. मिल्क फिव्हरने, म्हणजे व्यायल्यावर रक्तातले कॅल्शियम घटल्याने, आडवी पडलेली गाय घ्या. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट वेळेत मिळाले नाही तर ती काही तासांत मरू शकते. तेच द्रावण शिरेतून भरभर सोडले तर हृदय बंद पडून ती सुईखालीच जाते. ते १० ते २० मिनिटे घेत, ठोके ऐकत द्यावे लागते. ‘कॅल्शियम फक्त पशुवैद्यकाने द्यावे’ म्हटले तर दूरच्या गाई मरतील, ‘पॅराव्हेटने द्यावे’ एवढेच म्हटले तर घाईने मरतील. नियमात लिहावे ते असे: त्वचेखाली देण्यास परवानगी, शिरेतून देण्यास लेखी कार्यपद्धतीनुसार आणि क्षमता चाचणी उत्तीर्ण असल्यास परवानगी. गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनचेही तसेच. गर्भाशयाचे तोंड उघडलेले नसताना किंवा वासरू आडवे असताना ते टोचले तर गर्भाशय फाटू शकते.

यादीचे तीन थर पुरतात. पहिल्यात स्वतंत्रपणे करायची कामे: मलमपट्टी, जंतनाशक पाजणे, खुरे कापणे, बर्डिझो चिमट्याने खच्चीकरण. दुसऱ्यात लेखी कार्यपद्धतीनुसार करायची: मोहिमेतले लसीकरण, कृत्रिम रेतन, ठरावीक प्रतिजैविके. तिसऱ्या थरातली कामे फक्त पशुवैद्यकाची: पोटाची शस्त्रक्रिया, पूर्ण भूल, निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र. काळपुळीचा संशय असलेले मढे कोणीही उघडू नये, फक्त कळवावे, हा नियम तिन्ही थरांवर असावा. यादी अधिनियमात न घालता नियमांच्या अनुसूचीत ठेवावी. नवी लस आली म्हणून कायदेमंडळाची वाट पाहायला लागू नये.

देखरेख म्हणजे नेमके काय

जवळजवळ प्रत्येक कायद्यात ‘देखरेखीखाली’ हा शब्द असतो आणि त्याची व्याख्या क्वचितच असते. तीन प्रकार स्पष्ट लिहावेत: जागेवर हजर, फोनवर उपलब्ध, आणि स्थायी लेखी सूचना. उपचार नोंदवही कोण तपासणार, किती दिवसांनी सही करणार, एका पशुवैद्यकाखाली जास्तीत जास्त किती जण, हे नियमांत यावे. जबाबदारीही वाटून द्यावी: काम सोपवण्यात चूक झाली तर पशुवैद्यकाची, सूचना मोडली तर पॅराव्हेटची. हे लिहिले नाही तर देखरेखीची सही करायला पशुवैद्यक धजावणारच नाही, आणि सगळी व्यवस्था कागदावर राहील.

औषध कायदा इथे हमखास विसरला जातो. व्यवसायाचा कायदा प्रतिजैविक टोचायला परवानगी देतो आणि औषध कायदा ते जवळ बाळगणे गुन्हा ठरवतो, अशी गाठ बसते. दोन्ही दुरुस्त्या एकाच दिवशी अमलात याव्यात. उपचारानंतर दूध-मांस किती दिवस वापरायचे नाही, हे पशुपालकाला लिहून देण्याची सक्तीही त्यातच करावी.

आधीपासून काम करणाऱ्यांचे काय

या प्रश्नाबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. दक्षिण सुदान आणि इथिओपियाच्या अफार भागात १९९० च्या दशकात बुळकांडी हटवण्यात सामुदायिक पशुआरोग्य सेवकांनी उष्णता सोसणारी लस घेऊन मोठे काम केले. २०११ मध्ये जग त्या रोगातून मुक्त जाहीर झाले. असे लोक एका कलमाने रातोरात गुन्हेगार ठरले तर ते काम थांबवत नाहीत, लपून करतात. साथ आधी त्यांनाच दिसते, पण कळवायला गेलो तर आपणच सापडू, म्हणून ते गप्प बसतात.

त्यासाठी दोन ते तीन वर्षांची संक्रमणकालीन तरतूद ठेवावी: अर्ज करताच तात्पुरती नोंदणी, मुदतीत प्रात्यक्षिक परीक्षा, नापास झाल्यास एक फेरसंधी आणि फक्त पहिल्या थराच्या कामांची मुभा. मुदतवाढीचा अधिकार सरकारकडे ठेवू नये. तो ठेवला की प्रत्येक निवडणुकीआधी वापरला जातो.

कलमे अमलात आणण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी परिषद नेमावी, मग नियम व अनुसूची प्रसिद्ध करावी, त्यानंतर नोंदवही उघडावी. शिक्षेचे कलम शेवटी, संक्रमणाची मुदत संपल्यावर. ते पहिल्याच दिवशी लागू झाले, तर नोंदणी करायला कार्यालय नाही आणि नोंदणी नाही म्हणून खटला, अशी पहिली प्रकरणे न्यायालयात जातात.