फियास्को : आधी नाते, मग माणूस

टेबलाभोवती बसून कथा रचण्याच्या खेळांमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नाव सर्वांत आधी निघते, आणि गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणलेल्या त्या खेळाचा तो मान आहेच. त्यात पात्र उभे करायचे म्हणजे ताकद, चपळाई, बुद्धी अशा सहा गुणांचे आकडे कागदावर मांडायचे, त्याचा पेशा ठरवायचा आणि स्वभाव पुढे खेळता खेळता सापडेल या भरवशावर राहायचे. जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘फियास्को’ (बुली पल्पिट गेम्स, २००९) सुरुवात करतो ती नेमकी दुसऱ्या टोकाने. त्यात गुणांचे आकडे नाहीत, गेम मास्टर (कथा चालवणारा सूत्रधार) नाही आणि पूर्वतयारीही नाही. मोठ्या हव्यासाची आणि बेताच्या अकलेची माणसे एखादा बेत आखतात आणि तो त्यांच्याच अंगावर उलटतो, एवढीच कथा अडीच-तीन तासांत सांगायची असते. या खेळाला २०११ साली डायना जोन्स हा खेळांच्या क्षेत्रातला पुरस्कार मिळाला. वर्षभरात पाच-सहा वेळा खेळल्यानंतर तो योग्यच वाटतो.

खेळाडू तीन ते पाच लागतात आणि माणशी दोन पांढरे व दोन काळे असे चार फासे. सगळे फासे एकदम टाकायचे आणि पडलेल्या आकड्यांतून एकेक उचलत ‘प्लेसेट’मधून निवड करायची. प्लेसेट म्हणजे नाती, गरजा, ठिकाणे आणि वस्तू यांच्या चार याद्या. प्रत्येक यादीत सहा गट आणि प्रत्येक गटात सहा नोंदी. शेजारी बसलेल्या दोघांमध्ये एक नाते ठरते आणि त्या नात्याला एखादी गरज, वस्तू किंवा जागा जोडली जाते. नाव, वय, व्यवसाय हे सगळे त्यानंतर येते. डावीकडच्याचा मी मेहुणा आहे आणि उजवीकडचीचा देणेकरी आहे. ही दोन्ही नाती एकाच माणसाच्या वाट्याला कशी आली असतील, याचा उलगडा करता करता त्या माणसाचा स्वभाव हाती लागतो. पात्राची पूर्वकथा दोन-दोन पाने लिहून आणणाऱ्या आणि ती कुणी विचारत नाही म्हणून खट्टू होणाऱ्या खेळाडूंना (मी त्यांतलाच) ही पद्धत प्रथम अपुरी वाटते. पण इथे पूर्वकथेचा अर्धा भाग शेजाऱ्याकडे असतो, त्यामुळे ती विचारल्यावाचून कुणाचेच चालत नाही.

मूळ पुस्तकातले प्लेसेट अमेरिकेच्या दक्षिणेतले छोटे गाव, अंटार्क्टिकावरचे संशोधन केंद्र अशा ठिकाणी घडतात. ते खेळताना आमचे संवाद डब केलेल्या चित्रपटासारखे होऊ लागले, म्हणून आम्ही चौघांनी स्वतःचाच प्लेसेट लिहिला : कोथरूडमधली चाळीस वर्षांची सोसायटी आणि तिचा पुनर्विकास. फाशांनी एका बाजूला ‘माजी चेअरमन आणि खजिनदार’ हे नाते दिले, त्याला ‘कोऱ्या सह्या केलेले चेकबुक’ ही वस्तू जोडली गेली. खजिनदार झालेली आमची मैत्रीण पहिल्या तीन सीनमध्ये चेअरमनना ‘काका’ म्हणत होती. चौथ्या सीनमध्ये, चेकबुकातला एक चेक कमी असल्याचे लक्षात आल्यावर, तिने अगदी शांतपणे ‘बसा साहेब’ म्हटले आणि टेबलावर क्षणभर कुणीच काही बोलले नाही. इंग्रजीत खेळताना हे हत्यार हाताशी नसते. मराठीत समोरच्याला तू म्हणायचे की तुम्ही, काका म्हणायचे की साहेब, हे पहिल्याच वाक्याला ठरवावे लागते, आणि नात्यांवर उभ्या असलेल्या या खेळाला ती सक्ती फार मानवते.

सीनची रचनाही हुशारीची आहे. ज्याची पाळी असेल त्याने एक तर सीन मांडायचा किंवा त्याचा निकाल ठरवायचा. दोन्ही हातात ठेवता येत नाही. मांडणी तुमची असेल, तर शेवट चांगला (पांढरा फासा) की वाईट (काळा) हे बाकीचे ठरवतात. पहिल्या अंकात मिळालेला फासा दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा, दुसऱ्यात तो स्वतःकडे ठेवायचा. मध्यंतराला ‘टिल्ट’ येतो, म्हणजे कथेत दोन नवे घोळ घातले जातात. अखेरीस प्रत्येकाने आपले फासे टाकून पांढऱ्यांच्या आणि काळ्यांच्या बेरजांमधला फरक काढायचा. फरक जितका मोठा, तितका शेवट बरा, आणि शून्य आले तर सर्वनाश. म्हणजे सरळ वागणारा तरतो, सराईत बदमाशही बऱ्यापैकी तरतो, आणि दोन्हीकडे पाय ठेवणारा बुडतो. आमचे चेअरमन शून्यावर आले.

उणिवाही आहेत. नियमांतला पाळीचा भाग नवख्यांना दोनदा वाचूनही उमगत नाही. आधी खेळलेला एक जण सोबत असलेला बरा. टेबलावर एखादा मोठ्या आवाजाचा गडी असेल, तर त्याला आवरायला गेम मास्टर नसतो आणि बाकीच्यांचे सीन तोच गिळून टाकतो. दुसऱ्या अंकात सरसकट मुडदे पाडण्याचा मोहही फार होतो. आमच्या पहिल्या दोन कथा त्यातच वाया गेल्या. वर्ष-दोन वर्षे एकच पात्र घेऊन ते हळूहळू बदलताना पाहण्याची ज्यांना आवड आहे, त्यांच्यासाठी हा खेळ नव्हेच. इथे माणूस वाढत नाही, उघडा पडतो.

नंतर निघालेल्या पेटीबंद आवृत्तीत फाशांच्या जागी पत्ते आहेत. नवख्यांना ती सोपी जाते, तरी स्वतःचे प्लेसेट लिहिण्याची हौस असलेल्यांनी जुने पुस्तकच घ्यावे, कारण सहा गुणिले सहाची यादी कागदाच्या एका पानावर मावते. सोळा फासे जमवणे तेवढे कटकटीचे ठरते. आम्ही स्टेशनरीच्या दुकानातून लुडोचे पांढरे फासे आणले आणि त्यांतले आठ लाल नेलपॉलिशने रंगवले. ते अजून एकमेकांना चिकटतात.