फोनवर बोलायला कसला क्लास? तरी ५०० रुपये वसूल झाले
आधी वाटलं फोनवर बोलायला काय क्लास लावायचा, पण हिंजवडीतल्या दोन कंपन्यांच्या पहिल्याच एचआर कॉलला आपटलो म्हणून नवी पेठेतल्या एका छोट्या क्लासमधे ५०० रु भरून मॉक (म्हणजे सरावाचा) फोन इंटरव्ह्यू दिला. मॅडमनी मुद्दाम न सांगता अनोळखी नंबरवरून फोन लावला आणि मी सवयीने "हां, कोण बोलतंय?" झालं, तिथेच मार्क गेले 😅

नंतर रेकॉर्डिंग ऐकवतात ना, खरे पैसे त्याचेच. पंखा फुल, फोन स्पीकरवर त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि त्यांचा प्रश्न संपायच्या आत मी तोंड घालतोय. चेहरा दिसत नाही तर प्रश्न संपला की मनात दोन मोजा मग बोला म्हणाल्या. नोटिस पिरियड, पगाराचा आकडा कागदावर लिहून रेझ्युमेशेजारी ठेवायचा, आठवत बसायचं नाही. कॉल वेटिंगची टूं टूं #४३# डायल करून बंद होते हे पण तिथेच कळलं (*४३# ने परत चालू करायचं, मी विसरलो आणि आईची बोलणी खाल्ली).

फीडबॅकची पीडीएफ मात्र सगळ्यांना तीच, माझ्यात दुसऱ्याच कुणा मुलीचं नाव! वेळही पाळत नाहीत. फ्रेशर असाल तर एकदा द्या, दहा इंटरव्ह्यू झालेत त्यांनी मित्राला फोन करायला सांगून स्वतःच रेकॉर्ड करा, फुकटात काम. ५ पैकी साडेतीन स्टार.