पत्र्याच्या शेडमधला व्हॉल्व्ह अँप्लिफायर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत हा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अँप्लिफायर घरी आणण्याआधी मी आणि माझे मेहुणे इंदूरच्या वेशीवरची, तो जिथे बनतो ती शेड पाहून आलो होतो. भिंतींचे पोपडे निघालेले, जमिनीवर तारांचे तुकडे आणि कामाच्या टेबलावर रोझिनचे (सोल्डरिंगला लागणाऱ्या राळेचे) तपकिरी थर होते. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिल्या येणाऱ्या शहरात राहिल्यामुळे असेल, पण कळकट जागा दिसली की आपल्याला तिथल्या कामाचीही शंका येते. "इथून काही घेऊ नका," असे मेहुण्यांनी बाहेर पडताच सांगितले. तरीही मी तो घेतला, याचे कारण शेडच्या मागची खोली हे होते.

त्या खोलीच्या दाराशी, हे अँप्लिफायर बनवणाऱ्या काकांनी आम्हांला थांबवले. "चपला इथेच काढा, आत वाइंडिंग चालू आहे." व्हॉल्व्हमधला आवाज स्पीकरपर्यंत पोचवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यांच्या थरांमध्ये खडा किंवा ओल शिरली की तारेवरचा मुलामा खरचटतो, वेढे आपसांत चिकटतात आणि ४०० व्होल्टच्या पुढे काम करणाऱ्या यंत्रात ते जळायला वेळ लागत नाही. तिथे धूळ नव्हती. उलट, व्हॉल्व्हचे काम काचेच्या आतल्या निर्वातात चालते, त्यामुळे बाहेरच्या खोलीतल्या पोपड्यांशी त्याचा काही संबंध येत नाही.

यंत्रात प्रत्येक बाजूला स्पीकर चालवणाऱ्या ईएल ३४ या व्हॉल्व्हची जोडी आणि तिच्याआधी ईसीसी ८३ हा लहान व्हॉल्व्ह आहे. सर्व जोडणी टॅगपट्टीवर (तारा सोल्डर करायच्या पट्टीवर) हाताने केलेली आहे. आवाजाबद्दल मी मनापासून समाधानी आहे. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचा राग मारवा मी त्यावर नेहमी ऐकतो. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा तालात दोन स्वरांमध्ये ते जी जागा सोडतात, तिथे केवळ तानपुरा उरतो, आणि अँप्लिफायरचा दोष लपत नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेतून रेक्टिफायरनंतर, म्हणजे एसीची डीसी झाल्यावर, उरणारी १०० हर्ट्झची घरघर पुरुषी आवाजाच्या खर्जातच येऊन बसते. इथे ती स्पीकरला कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही.

श्रावणात मात्र डाव्या बाजूने, यंत्र तासभर तापले की, चरचर सुरू झाली. काकांनी यंत्र उघडून लाकडी काडीने सोल्डरचा एकेक डाग ठोकून पाहिला, तेव्हा अर्थिंगच्या जाड तारेवरचा डाग सापडला: राखाडी, दाणेदार, सरळ सरळ ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न वितळलेला कच्चा जोड. त्यांनी कारण न लपवता सांगितले. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या भागात व्होल्टेज १९० पर्यंत उतरते आणि त्यांची सोल्डरिंगची इस्तरी साधी, तापमान न राखणारी होती. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर तिची उष्णता सुमारे एकतृतीयांशाने घटते. बारीक तारेला तेवढी पुरते, जाड तार मात्र ती शोषून घेते आणि कथील वरवर बसते. कारखान्याच्या ज्या स्थितीचा माझ्या यंत्राला खरोखर फटका बसला, ती आम्हां दोघांपैकी कोणालाही त्या दिवशी दिसली नव्हती. आता तिथे स्टॅबिलायझर आहे. दुरुस्तीला अकरा दिवस लागले, ते मला जास्त वाटले.

झाकणाच्या आत चिकटवलेल्या कार्डावर चारही ईएल ३४ मधून वाहणाऱ्या प्रवाहाचे मोजमाप हाताने लिहिलेले आहे: १० ओहमच्या रेझिस्टरवर ०.३८ व्होल्ट, म्हणजे ३८ मिलिअँपिअर. गेल्या आठवड्यात काकांसमोरच पुन्हा मोजले, तेव्हा तीन व्हॉल्व्ह ०.३७ वर आणि एक ०.३६ वर होता, म्हणजे फारसा फरक पडलेला नाही. (हे घरी करू नये; वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा विद्युतभार राहू शकतो.)

स्पीकरही त्यांच्याकडूनच करून घ्यायचा विचार आहे, पण तिथे मी बाहेरच्या खोलीतल्या जमिनीकडेही पाहीन. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा एक कीस ओढला गेला, तरी व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारे वेटोळे) घासू लागते, आणि ते काम सध्या ते तारांचे तुकडे पडलेल्या त्या बाहेरच्या खोलीतच करतात. ते आतल्या खोलीत हलवावे, असे मी त्यांना सांगितले आहे. दिवाळीनंतर जाऊन पाहणार आहे.